तिजोरी, जमीन आणि मुकुट : फ्रेंच राज्यक्रांतीवर वाचकांचे प्रश्न

२१ सप्टेंबर १७९२ रोजी फ्रान्सने राजेशाही रद्द केली आणि १८ मे १८०४ रोजी त्याच देशाने नेपोलियनला सम्राट नेमलं. मधली बारा वर्षंही पुरी झाली नव्हती. हे कसं घडलं, असं विचारणारी बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमच्या इतिहास विभागाने दिलेली उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : फ्रान्स एवढा सुपीक देश, मग राजाची तिजोरी रिकामी कशी झाली? व्हर्सायच्या राजवाड्यातली चैन भोवली ना? (एक वाचक, सांगली)

चैन होती, पण जमाखर्च उघडून पाहिला तर खरं भगदाड दुसरीकडेच दिसतं. १७८८ सालच्या हिशेबात जमा सुमारे ५० कोटी ३० लाख लीव्र आणि खर्च ६२ कोटी ९० लाख आहे. (२० सूंचा एक लीव्र, १२ दनिएंचा एक सू. आपल्या जुन्या रुपये-आणे-पैसारखीच उतरंड.) तूट १२ कोटी ६० लाखांची. राजा सोळावा लुई याच्या दरबाराचा खर्च एकूण खर्चाच्या शेकडा सहाच्या आसपास, लष्कर, आरमार आणि परराष्ट्र व्यवहार मिळून साधारण पाव हिस्सा. उरलेल्यातला सगळ्यांत मोठा घास कर्जाचा. जवळजवळ ३२ कोटी, म्हणजे निम्मा खर्च, व्याज आणि परतफेडीतच जात होता.

हे कर्ज मुख्यतः अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स १७७८ मध्ये उतरला त्याचं. अर्थमंत्री नेकर यांनी युद्धासाठी नवा कर बसवला नाही, कर्ज काढलं. त्यातला मोठा भाग वर्षासनाच्या रोख्यांचा होता. आज रक्कम भरा आणि ठरवलेली व्यक्ती हयात असेपर्यंत दर वर्षी शेकडा दहा घ्या, अशी योजना. चूक अशी झाली की दर ठरवताना त्या व्यक्तीचं वय पाहिलंच नाही. साठीच्या म्हाताऱ्याच्या नावावर घ्या नाहीतर सात वर्षांच्या पोरीच्या, दर तोच. जिनिव्हाच्या पेढीवाल्यांनी हे बरोबर हेरलं. चांगल्या घरच्या, धडधाकट, देवीच्या रोगातून सुखरूप पार पडलेल्या तीस-तीस मुली निवडायच्या, त्यांच्या नावावर वर्षासनं घ्यायची आणि त्यांतले हिस्से गुंतवणूकदारांना विकायचे. एखादी मुलगी गेली तरी बाकीच्या पन्नास-साठ वर्षं जगणार आणि तेवढी वर्षं फ्रान्सची तिजोरी पैसे मोजणार. राज्य बुडण्याच्या कारणांमध्ये हे कारण फार कमी वेळा सांगितलं जातं, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

मग कर का वाढवला नाही? कारण करांची घडीच वाकडी होती. ‘ताय’ हा मुख्य कर सरदारांना माफ होता. धर्मसंस्था कर देत नसे, स्वतः ठरवलेली ‘भेट’ देत असे. मिठाचं पाहा. ज्या प्रांतांत मिठावरचा कर पुरा लागू होता, तिथे सुमारे ४९ किलोच्या मापाला साठ लीव्रच्या आसपास पडत. शेजारच्या ब्रिटनी प्रांतात तेच माप दोन-तीन लीव्रला मिळे. शिवाय पुऱ्या कराच्या प्रांतांत आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला साडेतीन किलोच्या जवळपास सरकारी मीठ घेण्याची सक्ती होती. साहजिकच सीमेवर मिठाची चोरटी वाहतूक जोरात चाले.

ही घडी सुधारायचे प्रयत्न कालोन आणि ब्रिएन या मंत्र्यांनी १७८७ आणि १७८८ मध्ये केले. पण नवा कर ‘पार्लमाँ’ या उच्च न्यायालयांच्या दप्तरी नोंदल्याशिवाय लागू होत नसे आणि त्यांनी नोंदायला नकार दिला. (इंग्लंडच्या पार्लमेंटशी यांची गल्लत करू नये. ही निवडून आलेली सभा नव्हती.) १६ ऑगस्ट १७८८ रोजी तिजोरीने देणी पूर्ण रोखीने देणं थांबवलं. त्याच महिन्यात, १६१४ नंतर एकदाही न भरलेली तीन वर्गांची (धर्मगुरू, सरदार आणि बाकीची जनता) सभा बोलावण्याची तारीख जाहीर झाली होती. ती सभा ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला भरली आणि सहा आठवड्यांत तिच्यातल्या तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं.

प्रश्न : ‘पाव मिळत नसेल तर केक खा’ हे राणी खरंच म्हणाली होती का? (एक शिक्षिका, लातूर)

नाही. ही गोष्ट ‘एका थोर राजकन्ये’ची म्हणून तत्त्वज्ञ रूसोच्या आत्मचरित्रात येते. तो भाग लिहिला गेला तेव्हा राणी मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात होती, लहान होती. ती फ्रान्समध्ये आली १७७० साली. मूळ शब्दही केक नाही, ब्रिओश आहे, म्हणजे लोणी-अंड्यांचा मऊ पाव.

मुलांना शिकवताना या वाक्याऐवजी पावाचा भाव सांगा. पॅरिसमध्ये चार पौंडी पाव एरवी आठ-नऊ सूंना मिळे. १७८८ चं पीक गेलं आणि १७८९ च्या पूर्वार्धात तो साडेचौदा सूंवर गेला. मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. चार माणसांच्या घराला असा एक पाव रोज लागायचा. म्हणजे निम्मी मजुरी, कधी त्याहून जास्त, नुसत्या पावावर. पॅरिसमधला बास्तिल हा तुरुंग-किल्ला पडला तो १४ जुलै या भाववाढीच्या ऐन टोकाला आला.

प्रश्न : राजा पळाला नसता तर राजेशाही टिकली असती का? (एक वाचक, नाशिक)

आमच्या मते टिकण्याची शक्यता बरीच होती. १७९१ च्या मध्यापर्यंत प्रजासत्ताक हवं म्हणणारे मूठभरच होते. राज्यघटना जवळपास तयार झाली होती आणि तिच्यात राजाला कायदा रोखून धरण्याचा अधिकारही होता. २० जूनच्या रात्री हे सगळं पालटलं.

बेत असा होता : मध्यरात्री पॅरिसच्या तुइलरी राजवाड्यातून निघायचं आणि पूर्व सीमेवरचा मोंमेदी किल्ला गाठायचा, जिथे सेनापती बुइए वाट पाहत होता. सगळं अंतर तीनशे किलोमीटरच्या आतलं. एका रशियन जहागीरदारणीच्या नावाचा परवाना घेतला होता. मुलांच्या दाई मादाम द तूर्झेल या जहागीरदारीणबाई, राणी त्यांच्या मुलांची शिक्षिका आणि राजा त्यांचा नोकर.

आता कुठे काय बिनसलं ते पाहू. पहिली गोष्ट, कुटुंबाने एकत्रच जायचं ठरवल्यामुळे सहा घोड्यांची अवजड गाडी घ्यावी लागली. हलक्या दोन गाड्या केल्या असत्या तर वेग मिळाला असता. दुसरी गोष्ट, निघायलाच उशीर झाला आणि वाटेत घोड्यांचा साज तुटून आणखी वेळ गेला. तिसरी गोष्ट सगळ्यांत घातक ठरली. वाटेवर जागोजाग स्वारांच्या तुकड्या ठेवल्या होत्या. खेडुतांना वाटलं, हे थकलेली वसुली करायला आले. गावं गोळा होऊ लागली तशी पहिली तुकडी चौकी सोडून निघून गेली. गाडी आली तेव्हा तिथे कोणीच नव्हतं.

सँत-मेनूच्या टपाल चौकीचा प्रमुख द्रुए याने गाडीतला माणूस ओळखला. नोटेवरच्या चित्रावरून ओळखला, असं परंपरेने सांगितलं जातं. गाडी पुढे गेली आणि तो एका सोबत्याला घेऊन आडवाटेने वारेन गावाकडे सुटला. इकडे रात्री अकराच्या सुमारास गाडी वारेनच्या वेशीवर उभी राहिली. बदलीचे घोडे ठरल्या जागी दिसेनात. घोडे होते, पण नदीच्या पलीकडे. अंधारात राजाची माणसं दारं ठोठावत घोडे शोधत होती, तेवढ्या वेळात द्रुए गावात शिरला आणि त्याने सामानाची एक गाडी आडवी लावून पूल बंद केला. फ्रान्सच्या राजाने ती रात्र सोस नावाच्या वाण्याच्या दुकानावरच्या खोलीत काढली. २५ जूनला त्याला पॅरिसमध्ये परत आणलं तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होती, पण कुणी डोक्यावरची टोपी काढली नाही.

पळून जाण्यापेक्षाही जास्त नडलं ते त्याने मागे ठेवलेलं पत्र. १७८९ पासून आपण जे मान्य केलं ते दबावाखाली केलं, असं त्यात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. राष्ट्रीय सभेने लोकांना सांगितलं की राजाला पळवून नेलं होतं. हे तिला स्वतःलाही खरं वाटत नव्हतं. सप्टेंबरमध्ये राजाने नव्या घटनेवर शपथ घेतली, पण त्या शपथेवर आता विश्वास ठेवणार कोण? एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झालं. राजाला हात लावाल तर पॅरिसचा सूड घेऊ, असा शत्रुसेनापती ब्राउनश्वाइकचा जाहीरनामा ऑगस्टच्या तोंडावर शहरात पोचला आणि १० ऑगस्टला तुइलरीवर हल्ला झाला. सुमारे ६०० स्विस शिपाई मारले गेले. राजा कुटुंबासह आधीच बाग ओलांडून सभेच्या आश्रयाला गेला होता. सभेने त्या दिवशी त्याला फक्त निलंबित केलं. राजपद रद्द झालं ते सहा आठवड्यांनी, नव्या निवडणुकीतून आलेल्या ‘कन्व्हेन्शन’ या सभेच्या पहिल्याच ठरावांत.

प्रश्न : राजाला एका मताने फाशी झाली असं वाचलं. खरं काय? (एक विद्यार्थी, पुणे)

फाशी नव्हे, गिलोटिन, म्हणजे शिरच्छेदाचं यंत्र. आणि ‘एका मताने’ हे अर्धंच खरं. शिक्षेच्या प्रश्नावर ७२१ प्रतिनिधींनी मत दिलं. प्रत्येकाने व्यासपीठावर चढून सगळ्यांसमोर तोंडी. १६ जानेवारी १७९३ च्या संध्याकाळी सुरू झालेलं हे काम दुसऱ्या दिवशी रात्री संपलं. कोणतीही अट न घालता मृत्युदंड मागणारे होते ३६१, म्हणजे नेमके बहुमताला लागतात तेवढे. एका मताची गोष्ट इथून आली. पण आणखी २६ जणांनी मृत्युदंडच मागितला, फक्त अंमलबजावणी केव्हा करायची यावर चर्चा व्हावी असं सुचवलं. ते धरून ३८७ विरुद्ध ३३४. नंतर शिक्षा पुढे ढकलावी का, यावर वेगळं मतदान झालं. तेव्हा ३८० जण ‘नको’ म्हणाले आणि ३१० जण ‘ढकला’ म्हणाले. राजाचा चुलतभाऊ ओर्लेआँचा ड्यूक यानेही मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं. २१ जानेवारीला शिक्षा अमलात आली.

प्रश्न : क्रांतीच्या नोटा बुडाल्या म्हणतात. जमीन तारण असताना नोट बुडते कशी? (एक निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर)

या प्रश्नाबद्दल मनापासून आभार. राजा का गेला आणि सम्राट का आला, या दोन्हींना जोडणारा धागा इथेच आहे.

२ नोव्हेंबर १७८९ रोजी राष्ट्रीय सभेने धर्मसंस्थेची सगळी मालमत्ता राष्ट्राच्या हवाली केली. देशातल्या जमिनीपैकी जवळजवळ दहावा हिस्सा. आपल्याकडच्या सगळ्या देवस्थान इनामांची जमीन एका ठरावाने सरकारजमा झाली तर कसं होईल, तशी कल्पना करा. ही जमीन विकून कर्ज फेडायचं होतं. पण विक्रीला वेळ लागणार आणि सावकार दारात उभे. म्हणून डिसेंबरमध्ये ४० कोटी लीव्रचे रोखे काढले, ५ टक्के व्याजाचे. त्यांना ‘आसिन्या’ म्हणत. रोखा घ्या, त्याच्या बदल्यात जमीन घ्या, सरकारकडे परत आलेला रोखा जाळून टाकायचा. इथपर्यंत योजना ठीक होती.

१७९० मध्ये व्याज आधी कमी केलं, मग बंद केलं आणि रोख्याला चलनाचा दर्जा दिला. तिथे तारणाचा अर्थच बदलला. तारणाला किंमत तेव्हाच, जेव्हा नोटांची संख्या जमिनीच्या किमतीशी बांधलेली असते. १७९२ पासून युद्धाचा खर्च छापखान्यातून निघू लागला. परत आलेल्या नोटा जळत होत्या खऱ्या, पण त्याच्या कितीतरी पट नव्या छापल्या जात होत्या. भरीला इंग्लंडमध्ये छापलेल्या बनावट नोटा. जानेवारी १७९३ मध्ये शंभराच्या नोटेला चांदीचे सुमारे पन्नास मिळत, ऑगस्टमध्ये वीस-बावीस. सप्टेंबरमध्ये जीवनावश्यक जिनसांचे कमाल भाव कायद्याने बांधले, न पाळणाऱ्यांना जबर शिक्षा ठेवल्या आणि डिसेंबरपर्यंत नोट पुन्हा पन्नासच्या जवळ आली. दहशतीच्या राजवटीचा नेता रोबेस्पिएर सत्तेवरून पडल्यावर डिसेंबर १७९४ मध्ये भावबंदी उठली आणि नोट कोसळली. १७९५ संपताना शंभराच्या नोटेला एक लीव्रही येत नव्हता. एकूण छपाई ४,५०० कोटींच्या घरात गेली होती. १९ फेब्रुवारी १७९६ रोजी पॅरिसच्या व्हांदोम चौकात नोटा छापायचे ठसे आणि यंत्रं जाहीरपणे मोडून जाळली.

आता दुसरी बाजू, जमीन घेणाऱ्याची. मे १७९० च्या कायद्याप्रमाणे शेतजमिनीला १२ टक्के इसार द्यायचा आणि बाकी ५ टक्के व्याजाने १२ वार्षिक हप्त्यांत. लिलाव जिल्ह्याच्या ठिकाणी होई. लहान मेणबत्त्या लावायच्या, शेवटची विझेपर्यंत वरचढ बोली आली नाही तर सौदा पक्का. समजा, १७९१ मध्ये कोणी १०,००० लीव्रला तुकडा घेतला. इसार १,२००. उरलेल्या ८,८०० चा व्याजासह हप्ता वर्षाला हजाराच्या आसपास. पहिले एक-दोन हप्ते त्याला जड गेले असतील. १७९५ चा हप्ता भरताना तो तीच हजाराची नोट मोजतो, पण ती नोट मिळवायला आता चांदीचे पाच-दहा लीव्रही पुरतात. बहुतेक शहाण्यांनी उरलेले सगळे हप्ते एकदमच भरून टाकले. पगारदार, पेन्शनर, रोखे धरून बसलेली विधवा ही मंडळी बुडाली आणि हप्त्याने जमीन घेणारे तरले. गरीब कुळांना यातलं फारसं मिळालं नाही, कारण तुकडे मोठे आणि इसार रोख. घेणारे मुख्यतः शहरातले व्यापारी, वकील आणि सुस्थितीतले शेतकरी.

अशा लाखो घरांच्या मनात एकच धास्ती होती : जुना राजवंश परत आला तर? १७९५ मध्ये मृत राजाच्या भावाने वेरोना इथून जाहीरनामा काढला. त्यात जुनी व्यवस्था परत आणण्याचीच भाषा होती. या घरांना राजा नको होता आणि गिलोटिनही नको होतं. आपला सातबारा शाबूत ठेवील असा माणूस हवा होता.

प्रश्न : नेपोलियनने सत्ता बळकावली की लोकांनी दिली? मतदान तर झालं होतं. (एक वाचक, बेळगाव)

आधी बळकावली, मग मतदानाची मोहोर उठवली. क्रम हाच आहे.

९ नोव्हेंबर १७९९ रोजी वरिष्ठ सभेने, जाकोबिन या जहाल क्रांतिकारकांच्या कटाचं निमित्त सांगून, दोन्ही सभागृहं पॅरिसबाहेर सँ-क्लू इथे हलवली आणि शहरातल्या फौजेची कमान सेनापती नेपोलियन बोनापार्टला दिली. सभागृहं हलवण्याचा अधिकार घटनेने वरिष्ठ सभेला दिला होता, कमान देण्याचा नव्हता. तेव्हा देशाचा कारभार पाहणाऱ्या पाच डायरेक्टरांपैकी तिघांनी पद सोडलं, दोघांवर पहारा बसवला. बेताची कच्ची बाजू दुसऱ्या दिवशी उघडी पडली. सँ-क्लूचे दिवाणखाने दुपारपर्यंत तयारच नव्हते. प्रतिनिधी बागेत फिरत एकमेकांशी बोलत राहिले आणि काय चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं. बोनापार्ट पाचशेंच्या सभेत, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, शिरला तेव्हा ‘याला कायद्याबाहेर घोषित करा’ असा ओरडा झाला. त्याच्या शिपायांना त्याला बाहेर काढावं लागलं. बाजी सावरली ती त्याच्या भावाने. ल्युसियाँ हा त्या सभेचाच अध्यक्ष होता. आत खंजीर घेतलेले मूठभर लोक सभेला वेठीस धरून आहेत, असं त्याने बाहेर येऊन शिपायांना सांगितलं. नगारे वाजले, सेनापती मुराने शिपाई आत नेले, दालन रिकामं केलं. रात्री हाताशी लागलेल्या थोड्या प्रतिनिधींना परत बसवून देशाचे शासक म्हणून तीन कॉन्सल नेमण्याचा ठराव मंजूर करून घेतला.

मग मतदान. पेटी नव्हती, चिठ्ठी नव्हती. गावच्या कचेरीत वही उघडी असे. ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन भाग, त्यात नाव लिहून सही करायची. कोणी कुठे सही केली हे सगळ्या गावाला दिसे. नवी घटना डिसेंबर १७९९ मध्येच लागू केली, निकाल जाहीर झाला फेब्रुवारी १८०० मध्ये : ‘हो’ ३० लाखांवर, ‘नाही’ १,५६२. विसाव्या शतकात फ्रेंच इतिहासकारांनी मूळ कागद पुन्हा मोजले तेव्हा खरी ‘हो’ मतं पंधरा लाखांच्या आसपास निघाली. गृहमंत्री ल्युसियाँच्या कार्यालयात जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे फुगवले होते आणि लष्कराची मतं न घेताच लाखांनी मिळवली होती. १८०४ च्या साम्राज्यावरच्या मतदानात ३५ लाख ‘हो’ आणि अडीच हजारांच्या आसपास ‘नाही’. पण तेव्हाही लोकांना सम्राट हवा का, असं विचारलं नव्हतं. पद वंशपरंपरेने चालावं का, एवढंच विचारलं होतं. सम्राट आधीच झाला होता.

प्रश्न : माझ्या संग्रहात एक फ्रेंच नाणं आहे. एका बाजूला ‘सम्राट नेपोलियन’, दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’. नाणं बनावट तर नाही? (एक नाणेसंग्राहक, मुंबई)

नुसत्या या मजकुरावरून बनावट ठरत नाही. १८०८ पर्यंतच्या नाण्यांवर असंच असे, ‘फ्रेंच साम्राज्य’ हे शब्द १८०९ पासून आले. खात्रीसाठी वजन करा. १८०३ च्या कायद्याने १ फ्रँक म्हणजे ९०० कसाची ५ ग्रॅम चांदी. म्हणजे ५ फ्रँकचं नाणं २५ ग्रॅम भरलं पाहिजे, झिजेमुळे किंचित कमी. सोन्याचं २० फ्रँकचं नाणं ६.४५ ग्रॅम.

हा मजकूर कायद्याला धरूनच होता. १८ मे १८०४ च्या ठरावाचं पहिलं कलम सांगतं की प्रजासत्ताकाचं शासन एका सम्राटाकडे सोपवलं आहे. प्रजासत्ताक रद्द केल्याचा ठराव कुठेच नाही. ‘राजा’ हा शब्द घेणं शक्य नव्हतं. राजेशाही परत आणा म्हणणाऱ्याला देहदंड, असा कायदा कन्व्हेन्शनने डिसेंबर १७९२ मध्ये केला होता. म्हणून रोमन शब्द आला, आणि तोही ‘फ्रान्सचा’ नव्हे, ‘फ्रेंचांचा सम्राट’. घाईचं कारण होतं कट. डिसेंबर १८०० मध्ये बोनापार्टच्या गाडीवर बाँबहल्ला झाला होता, १८०४ च्या सुरुवातीला राजेशाहीवादी कादुदालचा कट उघडकीस आला. एका माणसाला मारून राजवट संपत असेल तर मारेकरी येतच राहणार, तेव्हा गादीला वारस हवा, असा युक्तिवाद झाला. त्रिब्युना या सभेत विरोधात बोलला एकटा कार्नो.

२ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये नेपोलियनने मुकुट स्वतःच डोक्यावर ठेवला. पोपच्या हातून हिसकावला ही दंतकथा आहे, ते पोप पायस सातवे यांच्याशी आधीच ठरलं होतं. तो दिवस समजून घ्यायचा तर मुकुटापेक्षा शपथेकडे पाहावं. प्रजासत्ताकाची भूमी अखंड राखीन, हक्कांची समानता राखीन, कायद्याशिवाय कर लावणार नाही, आणि त्यातच एक कलम : राष्ट्रीय मालमत्तेची झालेली विक्री कधीही फिरवली जाणार नाही. मेणबत्ती विझल्यावर घेतलेल्या त्या जमिनी राज्यारोहणाच्या शपथेत येऊन बसल्या. त्याआधी १८०१ च्या करारात, तेराव्या कलमाने, पोपकडूनही त्या जमिनींवरचा दावा सोडवून घेतला होता.

प्रश्न : मग नेपोलियनने क्रांती पुढे नेली, असंच म्हणायचं ना? (एक वाचक, इंदूर)

जमीनवाल्यांपुरती, हो. कायद्यासमोरची समानता आणि गुणांवर मिळणारी पदं हीसुद्धा टिकली. पण जानेवारी १८०० मध्ये एका हुकमाने पॅरिसच्या ७३ राजकीय वृत्तपत्रांपैकी १३ ठेवली, बाकी बंद. १८०४ च्या नागरी संहितेचं २१३ वं कलम सांगतं की नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं, बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. बायकोच्या व्यभिचारावर नवरा घटस्फोट मागू शके. व्यभिचारावरून बायकोला तो मागता येई फक्त नवऱ्याने दुसरी बाई त्याच घरात आणून ठेवली तर. १७९२ चा घटस्फोटाचा कायदा याहून कितीतरी न्याय्य होता. आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी कन्व्हेन्शनने रद्द केलेली गुलामगिरी मे १८०२ च्या कायद्याने वसाहतींत पुन्हा कायदेशीर झाली. माणसाला माल ठरवणारा तो कायदा लक्षात ठेवून ‘क्रांतीचा वारस’ हा शब्द आमच्याने लिहवत नाही.

प्रश्न : असईच्या लढाईचा आणि फ्रेंच क्रांतीचा काही संबंध आहे का? आणि त्या क्रांतीच्या पंचांगात असईची तारीख काय येते? (एक वाचक, जालना)

संबंध आहे, पण सांभाळून सांगावा लागतो. असईला इंग्रजांशी लढलेले शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणी) उभे केले द बोअन्यने. तो फ्रेंच प्रजाजन नव्हता, तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे असलेल्या साव्हॉय प्रांतातल्या शांबेरीचा होता. त्याच्यामागून आलेला पेराँ मात्र फ्रेंच, आणि १८०३ मध्ये युद्ध पेटताच तो इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पॅरिसहून शिंद्यांना कुमक आली नव्हती. तरी इंग्रजांची भीती खरी होती. बोनापार्टने इजिप्तमधून टिपूला पत्र पाठवलं होतं, आणि फ्रेंच येतील म्हणून १७९९ पासून ब्रिटिश फौज गोव्यातही येऊन बसली होती. डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात कंपनीने कलमच घातलं : इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या देशाचा माणूस, फ्रेंच तर नाहीच, शिंद्यांनी कंपनीच्या संमतीशिवाय नोकरीत ठेवायचा नाही. असईला इंग्रज फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. पुढे वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला तोच हा.

आता क्रांतीने जुन्याऐवजी आणलेलं पंचांग. महिने बारा, प्रत्येक ३० दिवसांचा. वर्षाअखेर ५ जादा दिवस, काही वर्षी ६. आठवडा दहा दिवसांचा, त्यामुळे मजुराची सुट्टी सातव्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी येई आणि हे पंचांग लोकांना नकोसं व्हायचं तेही एक कारण. वर्षाची सुरुवात पॅरिसमध्ये शरद संपात (दिवस-रात्र समान असण्याचा सप्टेंबरातला क्षण) ज्या दिवशी असेल त्या दिवशी, म्हणून ती २२, २३ किंवा २४ सप्टेंबरला येते. तयार तक्ता वापरणारे इथेच एका दिवसाने चुकतात. नेहमी त्या वर्षाचा पहिला दिवस काढा आणि पुढे दिवस मोजा. उदाहरणार्थ, वर्ष ८ सुरू झालं २३ सप्टेंबर १७९९ ला. ब्रूमेर हा दुसरा महिना, म्हणून १८ ब्रूमेर हा वर्षाचा ४८ वा दिवस. सप्टेंबरचे ८, ऑक्टोबरचे ३१, झाले ३९, अजून ९ हवेत. म्हणून ९ नोव्हेंबर, सँ-क्लूच्या घटनेचा आदला दिवस.

असई : २३ सप्टेंबर १८०३. वर्ष ११ सुरू झालं २३ सप्टेंबर १८०२ ला, आणि वर्ष १२ चा पहिला दिवस २४ सप्टेंबर १८०३. म्हणजे वर्ष ११ हे ३६६ दिवसांचं, आणि आपली तारीख त्यातला नेमका ३६६ वा दिवस. चार वर्षांतून एकदा येणारा सहावा जादा दिवस. त्या दिवसाला पंचांगात नाव होतं, ‘क्रांतीचा दिवस’.